तात्या झोपलेत

३१ जानेवारी, सिंगापूरचं बंदर

आज बोटीत आपली माणसं चढली. आपली म्हणजे खरोखर आपली, इंदापूर-बारामतीकडची. चाळीसएक जण, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या केशरी टोप्या. मी बुफेत ताटं उचलत होतो आणि मागनं आवाज आला, "ह्या पाण्याला काय चव न्हाय गा." ताट हातातनं सुटता सुटता राहिलं. मराठी मी फक्त फोनवर अम्मीशी बोलतो, न्हायतर ह्या वहीत लिहितो. वही धरली ती त्यासाठीच. आठवी नापास माणसाचं लिहिणं, वाचणार तरी कोण.

मी वळून म्हणलं, "इंदापूरच्या पाण्याला तरी कुठं हाय?"

सगळ्या टोप्या माझ्याकडं वळल्या. मग एक उंच, वाळका म्हातारा पुढं आला. कपाळाला अष्टगंधाचं बोट. "कुणाचा रं तू?"

"खाजा. स्टँडच्या मागं पंक्चरचं दुकान हुतं बघा, त्यांचा."

"मग घरचाच की! आन् हितं काय करतोस, खरकटं काढतोस व्हय? ते इंदापुरात काय कमी हाय?"

सगळे हसले. मीपण हसलो. ह्या म्हाताऱ्याचं नाव संभाजी, पण सगळे तात्याच म्हणतात. भवानीनगरच्या अलीकडच्या वस्तीवरचे. सगळी नोकरी साखर कारखान्यात बॉयलरवर गेली. बोट बघून म्हणले, "धुराडं हाय, भोंगा हाय, जिकडं तिकडं लोखंडी जिनं. मळीचा वास तेवढा न्हाय. गाळप किती रं ह्याचं?"

म्हणलं, "रोज तीन हजार माणसं गाळतोय, तात्या."

सुटायच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या फोनचं कार्ड परदेशात चालंना. टूरवाला ऋषिराज, बारामतीचा, त्यानं बोटीवरचं नेट घेतलं नाही. कामगारांना नेट स्वस्त असतं. माझ्या फोनवरनं व्हिडिओ लावून दिला. त्यांच्या मुलानं, युवराजनं, उचलला. तात्या म्हणले, "तिला दे."

युवराजनं फोन फिरवला. म्हातारी खाटंवर पडलेली, तोंड भिंतीकडं. भिंत हिरवी. तात्या म्हणले, "शकू, बोट बघ!" आणि फोन धरून सगळीकडं गर्र फिरले. ती वळली नाही. हात जरा हलल्यासारखा वाटला.

"ही भिंत कुणाची रं?" तात्यांनी विचारलं.

"आत्याकडं आलोय," युवराज म्हणला, आणि रेंज गेली.

तात्या माझ्याकडं बघून म्हणले, "बघितलंस? अबोला. अजून सुटला न्हाय."

मग कठड्याला टेकून सगळं सांगितलं. नवराबायको दोघांचं यायचं ठरलं होतं. पासपोर्ट काढले, फोटो काढले. ऐन वेळी शकुबाई म्हणल्या गुडघं चालत न्हाईत, पाण्याची भीती वाटती, मी येत न्हाय. तात्यांचं डोकं फिरलं. चार माणसांत बोलून गेले, "तुझ्यापायी मला जल्मात कुठं जाता आलं न्हाय." त्यावर तिनं बोलणं टाकलं. निघायच्या दिवशी तात्या बॅग घेऊन दारात उभे राहिले. आमच्यापण गल्लीत बघितलंय मी, परगावी निघालेल्या माणसाच्या हातावर घरची बाई दही-साखर ठेवते, मग तो पाऊल बाहेर टाकतो. "लगीन झाल्यापासनं एकदा चुकली न्हाय ती. साधा इंदापूरला कोर्टात निघालो तरी दही. आन् त्या दिशी मी असा उभा," त्यांनी उजवा हात पुढं केला, तळवा वर, जरा खोलगट, "असा हात करून बराच वेळ उभा ऱ्हायलो बघ दारात. ती आतनं आलीच न्हाय. मग हात खिशात घातला आन् गेलो."

बोटीचा भोंगा वाजला. तात्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणले, "शिफ्ट सुटली."

१ फेब्रुवारी, समुद्रात

दिवसभर पाणी. ह्या लोकांना त्याचं काय अप्रूप. मला आता त्याच्याकडं बघवत नाही. एका जागी माझा जीवच लागत नाही, गॅरेज सोडलं, हायवेचा ढाबा सोडला, मस्कत सोडलं. ही बोटपण सोडणार. सोडून कुठं जाणार ते ठरत नाही म्हणून अजून हाय.

सकाळी युवराजचा फोन आला. आधी विचारलं, तात्या जवळ हायत का. नाही म्हणल्यावर बोलला. शकुबाई पडल्यात. तात्या ज्या दिवशी निघाले त्याच दिवशी. मांडीचं हाड मोडलं. बारामतीत दवाखान्यात ठेवलंय, मंगळवारी ऑपरेशन. म्हणजे ती हिरवी भिंत दवाखान्याची.

"फाट्यावर पडली," तो म्हणला. "मी तात्यांना फटफटीवर फाट्याला, टूरच्या गाडीपाशी सोडून कारखान्यावर गेलो. मागनं ही तिकडं कशाला गेली देव जाणं. घर ते फाटा तिला चालवतं का? इचारलं तर बोलत न्हाय. घरात बसवत न्हाय म्हातारीला."

मी म्हणलं, "तात्यांना सांगावं लागंल."

"आजिबात न्हाय. त्यांचं ब्लडप्रेशर हाय. समुद्रातनं काय उडी मारून येणार हायत? पयल्यांदा बाहेर पडलाय माणूस. हाडाचं ऑपरेशन, होऊन जातंय. तुला तुझ्या आईची शपथ हाय, खाजा."

अम्मीची शपथ घातली म्हणल्यावर मी काय बोलणार. व्हय म्हणलं.

मस्कतला होतो तवा अब्बा गेले. मला चार दिवसांनी कळवलं. तोवर माती होऊन गेलेली. मी हॉटेलात भांडी घासत गाणी म्हणत होतो त्या चार दिवसांत. अम्मीशी मी किती दिवस नीट बोललो नाही. ती म्हणायची, तुला तितं एकट्याला रडवायचं नव्हतं बाबा. मला ते कधीच पटलं नाही. आणि आज मी व्हय म्हणलं.

दुपारी तात्यांनी विचारलं, "फोन?" म्हणलं, नेट नाही. त्यांनी पटकन मान हलवली. म्हणले, "बरं झालं. जरा राग निवू दे तिचा."

२ फेब्रुवारी, पेनांग

पेनांगला सगळे उतरले. मी नाही, मला सुट्टी नव्हती. दुपारी परत आले ते देवळं आणि उंच इमारती बघून. डोंगरावर चढणारी रेल्वे बघितली म्हणले. एक जण म्हणला, "डोंगरावर काय हाय?" दुसरा म्हणला, "खाली बघायचं." तात्यांनी चिनी दुकानातनं गुडघ्याचं मलम आणलं होतं. शकुबाईंसाठी. लाल डबी, वर वाघाचं चित्र. आधी स्वतःच्या गुडघ्याला लावून बघितलं आणि बोंबलले, "आगं आयायाय! बॉयलर पेटला!" मग खूष. "ह्यानं तिचा गुडघा बी ऐकंल आन् ती बी ऐकंल."

तिसऱ्या प्रहरी मी वर पोहायच्या टाकीपाशी ग्लास गोळा करत होतो. तात्या पायजमा वर करून पाय पाण्यात सोडून बसले होते. शेजारी एक परदेशी पोरगं. त्याला ते मराठीत विहिरीत कसं पोहायचं ते शिकवत होते, आणि ते पोरगं मान हलवत होतं.

फोन वाजला. मुलगी होती. "खाजादादा, मी स्वरूपा, तात्यांची नात. आज्जीला आजोबांशी बोलायचंय. आत्ताच. पप्पा खाली औषधं आणायला गेल्यात, लवकर द्या."

मी काय बोलायच्या आत म्हाताऱ्या बाईचा आवाज. दम लागत होता. "त्यास्नी द्या."

तात्या माझ्यापासनं हाकेच्या आत होते. हाकेच्या कसले, नुसतं "ओ" म्हणलं असतं तरी वळले असते. पण डोक्यात युवराज, डोक्यात शपथ. तात्या फोनवर रडायला लागले तर, खाली पडले तर, माझा साहेब बघंल तर, असं सगळं एकदम आलं.

म्हणलं, "तात्या झोपलेत."

त्या म्हणल्या, "दुपारचं कदी झोपत न्हाईत ते."

मी ग्लास रचत राहिलो.

"बरं," त्या म्हणल्या. "मग तू सांगशील?"

"व्हय. सांगतो."

त्यांनी निरोप सांगितला. मधी मधी थांबत, पण सगळा सांगितला. "ध्यानात ऱ्हाईल का?" विचारलं. ऱ्हाईल म्हणलं. मग कुणीतरी आल्याचा आवाज झाला आणि फोन कटला.

निरोप हितं लिहित नाही. ज्याचा हाय त्याला आधी द्यायचा, मग वहीत. उद्या ऑपरेशन होऊ दे. नीट झाल्याचं कळलं की सगळंच एकदम सांगतो, निरोपपण देतो. तोवर तात्यांना दोन दिवस मजा करू दे. असंच करतो.

तात्या मागनं ओरडले, "कुणाचा रं फोन, खाजा? पोरीचा काय? गालावर लाली आली तुझ्या!"

३ फेब्रुवारी, समुद्रात

शकुबाई गेल्या. पहाटंच, ऑपरेशनच्या आधी. रक्ताची गाठ फुफ्फुसात गेली म्हणं. युवराजचा मेसेज होता, मी सकाळच्या पाळीला उठलो तवा बघितला.

ऋषिराजला सांगितलं. तो खाली बसला, मग उठून दार लावलं. म्हणला, "कुणाला बोलू नको. सगळ्या ग्रुपचं फिरणं सुतकात जाईल. आणि तात्यांना हार्टचं काही झालं बोटीवर, तर मी काय करू? सात तारखेला सिंगापूरला उतरलो की मीच सांगतो. विमानात बसायच्या आधी."

मी विचारलं, "उद्या फुकेतहून विमानानं धाडता येईल का?"

"युवराज म्हणतोय दुपारीच उरकणार. येऊन बघणार काय ते?"

बरोबर वाटलं. लिहिताना बरोबर वाटत नाही.

संध्याकाळी वर गाणी होती. तात्या टोपी उडवून नाचले. मला ओढलं. मीपण नाचलो दोन मिनिटं.

४ फेब्रुवारी, फुकेत

आज ऋषिराजनं माझ्या साहेबाला सांगून मला बरोबर नेलं, लोकांची भाषा येणारा हाताखाली पाहिजे म्हणून. फुकेतहून जोरात पळणाऱ्या बोटीनं बेटावर गेलो. बोट आदळायची तशी बायका "आगं बाई" करायच्या. पाणी असलं नितळ की खाली मासे दिसतात, आपल्या हातातली अंगठी दिसते. मधीच पाण्यातनं उभे डोंगर, बुडाला पाण्यानं खाल्लेले. तात्या म्हणले, "हे डोंगर का कुरतडलेली कणसं?" सगळ्यांनी हसून घेतलं. मी आज त्यांच्या जवळ जात नव्हतो. लांबनंच बघत होतो.

बेटावर जेवायला थांबलो. झावळ्यांचं छप्पर, वाळूत टेबलं. तिथं फुकट नेट होतं, भिंतीवर नंबर लिहिलेला. सगळ्यांनी फोन काढले, माना खाली. तात्यांनीपण काढला. एका बाईनं त्यांना लावून दिलं. मी तवा नारळपाणी वाटत होतो.

परत आलो तवा तात्या समुद्राकडं तोंड करून बसले होते. फोन टेबलावर पालथा. मला म्हणले, "बंद करून दे रं ह्यो. बॅटरी खातोय." मी बंद केला. म्हणलं, "तात्या, नारळ?" म्हणले, "नको. बोट लागलीय मला."

लागलीच असणार. तोंड पांढरं पडलं होतं. मग उठले आणि कपड्यासकट समुद्रात गेले. गळ्यापर्यंत. एक डुबकी मारली आणि बाहेर आले, निथळत, कुणाशी न बोलता. मी म्हणलं, थंडी वाजंल. म्हणले, "बरं वाटतंय."

बाकीचे पण आज कसे गप्प गप्प. बायका एकीकडं जमून डोळे पुसत होत्या. मी विचारलं तर एक म्हणली, खारं पाणी डोळ्यात गेलं. येताना सगळे तात्यांशी लई गोड वागत होते. कुणी पुढची जागा दिली, कुणी पाण्याची बाटली. कालपर्यंत हेच लोक खिडकीपाशी बसायला भांडत होते. फिरायला आलं की माणसं सुधारतात वाटतं.

फोटो काढला सगळ्यांचा. तात्या बाजूला उभे राहिले, जरा अंतर ठेवून. एकानं त्यांना जवळ ओढायला हात केला तर म्हणले, "ओला हाय मी. शिवू नका."

५ फेब्रुवारी, समुद्रात

आज संकष्टी. खालच्या हॉलमध्ये ऋषिराजनं गणपतीचा फोटो मांडला, पेटीत मोदक आणलेले. बोटीवर आग लावायला बंदी म्हणून बॅटरीवरचे दिवे. चंद्र बघायला सगळे वरच्या मजल्यावर गेले, मग आरती. आरतीला तात्या आत आले नाहीत. दाराच्या बाहेर उभे राहिले, हात पण जोडले नाहीत. मी मोदकाचं ताट त्यांच्याकडं नेलं. त्यांनी घेतला नाही. "गोड नको," म्हणले. सकाळी शिराही नको म्हणले होते. आज कपाळ रिकामं. दाढी पण केली नाही, पांढरे खुंट आलेत.

मी ऋषिराजला म्हणलं, तात्यांना डॉक्टरला दाखवायचं का, कालपासनं बोट लागल्यासारखं करतात. ऋषिराज माझ्याकडं कितीतरी वेळ बघत राहिला. म्हणला, "राहू दे."

दुसरं एक. केबिन साफ करणारा इंडोनेशियाचा पोरगा म्हणला, तुमचा तो म्हातारा बिछान्यावर झोपत नाही. खाली सतरंजीवर झोपतो. त्याला वाटलं गादी खराब हाय, बदलून दिली त्यानं.

निरोप अजून माझ्याकडंच. रोज सकाळी वाटतं आज द्यावा. पण नुसता निरोप कसा देणार? कधी बोलली, कशी बोलली, आता कशी हाय, हे विचारतीलच की. मग सगळंच बाहेर येणार. आणि मग हेपण, की तू तवा मला का दिला नाहीस फोन. खरं सांगायचं तर मला त्याचीच भीती हाय. शपथ बिपथ नंतर.

६ फेब्रुवारी, समुद्रात

तात्या दुपारी बुफेत आले. नुसता भात आणि वरण, त्यात मीठपण वरनं घातलं नाही. जेवून झाल्यावर ती लाल डबी माझ्या हातात दिली. वाघाची.

"तुझ्या आईच्या गुडघ्याला लाव म्हणावं."

म्हणलं, "तात्या, ही शकुआज्जीची."

"असू दे. ती काय लावायची न्हाय."

दिलदार माणूस. मी घेतली. ते लगेच गेले नाहीत. माझ्यासमोर उभेच राहिले. "आज काम संपलं काय तुझं?" विचारलं. संपलं म्हणलं. "मग बस की जरा." बसलो. ते माझ्याकडं बघायचे, मग पाण्याकडं. मधीच म्हणले, "काय सांगायचंय का तुला, खाजा?"

ओठावर आलतं. खरंच आलतं. म्हणलं, "न्हाय तात्या. कशाचं?"

"असंच," म्हणले आणि उठून गेले.

संध्याकाळी अम्मीला फोन लावला. सगळं सांगितलं, पहिल्यापासनं. तिनं मधी एकदापण टोकलं नाही. संपल्यावर म्हणली, "माझी शपथ घातली व्हय त्यानं? मी सोडली ती. जा."

"अगं पर आता बाई गेली. सांगून काय हुणार?"

"बाई गेली, निरोप कुठं गेला? ती अमानत हाय खाजा. कुणाची अमानत घरात ठिवून झोप लागती का माणसाला?" मग म्हणली, "तुझ्या अब्बाच्या टायमाला म्या चुकलेच. तू बोलायचा न्हाईस तवा कळलं मला. तू तीच चूक करू नगंस."

तिनं असं पहिल्यांदाच म्हणलं.

मग तात्यांच्या केबिनपाशी गेलो. दारावर हात ठेवला. आतनं काही आवाज नव्हता. म्हणलं झोपले असतील. परत आलो.

७ फेब्रुवारी, सिंगापूर

लिहून काढतो. नाही लिहिलं तर उद्या मीच ह्याला दुसरं रूप देईन.

सकाळी सगळे सामान घेऊन खालच्या हॉलमध्ये. आपापल्या रंगाची चिठ्ठी लावून रांगेत उतरायचं. केशरी टोप्या आज कुणाच्याच डोक्यावर नव्हत्या. तात्या शेवटच्या खुर्चीवर, पायाशी बॅग. ऋषिराज त्यांच्याभोवती घुटमळत होता, त्याला सांगायचं होतं आणि जमत नव्हतं. मी ताटं टाकून तिकडं गेलो. साहेब मागनं ओरडला.

मी तात्यांसमोर खाली बसलो. "तात्या," म्हणलं, "शकुआज्जी..."

"गेली," तात्या म्हणले. "मंगळवारी पहाटं."

ऋषिराजनं दुसरीकडं तोंड फिरवलं.

"बेटावर कळलं मला. फोन चालू केला आन् पयलं तेच. पुतण्यानं स्टेटसला फोटू लावलाय. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली शोकाकुल म्हणून सगळ्या भावकीची नावं. माझं बी हाय त्यात." ते जरा हसल्यासारखे झाले. "फोटू पासपोर्टचा लावलाय. दुसरा चांगला नव्हता तिचा."

गळ्यापर्यंतची ती डुबकी. रिकामं कपाळ. दाराबाहेरची आरती. आमच्या गल्लीत किती घरांत सुतक बघितलं मी, आणि माझ्या डोळ्यासमोर माणूस एकट्यानं सुतक पाळत होता, मी त्याला बोट लागली म्हणत होतो.

"बोलला का न्हाईत तात्या?"

"बोलून? हे चाळीस जण माझ्यासाठी तोंड दाबून बसलेले. त्यांचं फिरणं मोडू? आन् हितनं मी जाणार कुठं, पाण्यात?" मग माझ्याकडं नीट बघितलं. "नातीनं लिहिलेलं बी बेटावरच वाचलं. आज्जी खाजादादाशी बोलली म्हणून. म्हणलं पोरगं आज सांगंल. उद्या सांगंल. काल तर म्या इचारलं सुदा तुला."

"तात्या, सोमवारी आज्जीचा फोन आला तवाच मी..."

"मी कुठं हुतो तवा?"

"टाकीवर. पाय सोडून बसला हुता. जागंच हुता. म्या तिला म्हणलं तात्या झोपलेत."

रांग पुढं सरकत होती. भोंग्यावरनं त्यांच्या चिठ्ठीचा रंग पुकारला.

"काय म्हणली?"

मी सांगितला निरोप. जसा होता तसा, तिच्याच शब्दांत. रोज मनात घोकला होता म्हणून एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही:

"त्यास्नी म्हणावं, माझा राग उंबऱ्यापतूरच हुता. दही रातीच इरजून ठिवलं हुतं. तुमी दारात हुता तवा मी आत वाटी धरूनच उभी हुते, पर पाऊल उचललं न्हाय, हट्ट. फटफटीचा आवाज झाला आन् ऱ्हाववंना. वाटी घेऊन मागनं फाट्यापतूर आले. गाडी सुटली हुती. आता आल्यावर देती म्हणावं. हात धून या."

तात्या ऐकत होते. डोळे कोरडे. म्हणले, "पुन्यांदा म्हण."

पुन्हा म्हणलं.

"फाट्यापतूर," ते म्हणले. "वाटी घेऊन." मग बोटांनी गुडघा चोळला, जिथं मलम लावलं होतं तिथं. "म्हंजी तितं गेलती ती. माझ्या मागं." मग म्हणले, "नातीनं लिहिलंय, फाट्यावर पडली, कशाला गेली ते युवराजला बी कळत न्हाय. न्हायच कळू दे त्याला. तू बी कुणाला बोलू नगंस."

व्हय म्हणलं. परत एक व्हय.

रांग संपत आली. ऋषिराज म्हणला, चला तात्या. तात्या उठले. मला वाटलं आता दोन थोबाडीत देतील, द्यायला पाहिजे होत्या. पण ते माझ्यासमोर उभे राहिले आणि उजवा हात पुढं केला. तळवा वर, जरा खोलगट. हात बराच वेळ तसाच होता. मला कळंना काय पाहिजे. मागची माणसं खोळंबली होती, साहेब बघत होता, मी गडबडीत बॅग उचलली आणि तिचा पट्टा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी पट्ट्याकडं बघितलं. मग मूठ मिटली आणि जिन्यानं खाली गेले.